हिरव्या रंगातला पाडा

नाशिक, १७ एप्रिल

सोमा,

हे पत्र लहानूभाऊंच्या हाती देते आहे, कारण दुसरा रस्ता तू ठेवलेला नाहीस. माझा नंबर तुझ्या फोनवर लागत नाही. आईच्या फोनवर केला की ती म्हणते, "सोमा बाहेर गेलाय," आणि मागे तुझं खोकणं ऐकू येतं. बागेत गंधक मारताना रुमाल तोंडाला बांधायचा असतो, नुसता गळ्यात अडकवून उपयोग नाही.

लहानूभाऊ नाशिकला का आले ते तुला माहीत आहे. तुझ्याच बागेतून सुटी सांगून आलेत. त्यांची आई, कुसाबाई, तोरणपाड्याच्या खालच्या ओहोळात झिऱ्यावर उतरताना घसरली. खुब्याचं हाड मोडलं आहे. मी काल भेटून आले. मला म्हणाली, "हंडा नाय फुटला, पितळंचा व्हता." डॉक्टर ऑपरेशन करतो म्हणतात, पण वय सत्तरच्या पुढे आहे.

पाड्याची विहीर मार्चच्या पहिल्याच आठवड्यात आटली. तेव्हापासून बायका झिऱ्यातून वाटीवाटीने पाणी भरतात. त्यांनी टँकरसाठी अर्ज केला होता. तो नामंजूर झाला, आणि त्याचं कारण आमचा नकाशा आहे.

तुला कंटाळा येईल, तरी थोडक्यात सांगते. आमची संस्था सरकारी खात्यांनी सगळ्यांसाठी खुली ठेवलेली माहिती गोळा करते. कुठे किती पाऊस पडला, निरीक्षण विहिरींची पातळी किती, धरणातून पाणी कधी सोडलं, उपग्रहातून कुठे कुठलं पीक दिसतं. हे सगळं एकत्र करून आम्ही कॉम्प्युटरवर साऱ्या खोऱ्याच्या पाण्याचं मॉडेल बनवलं. मे महिन्यात कुठल्या गावाच्या जमिनीखाली किती पाणी उरेल, ते मॉडेल आधीच सांगतं. टंचाईचं गाव लाल, पुरेसं पाणी असलेलं हिरवं. बोरदरे हिरवं आहे. तोरणपाडा बोरदऱ्याच्याच ग्रामपंचायतीत, त्यामुळे तोही हिरवा. कचेरीने त्यांच्या अर्जाला आमचा नकाशा टाचला आणि अर्ज परत पाठवला.

आता मुद्द्याचं. बोरदरे हिरवं दिसतं ते एका विहिरीमुळे. आपल्या.

वर्षातून चार वेळा भूजलवाल्यांचा माणूस येऊन विहिरीत टेप सोडतो, ते तू लहानपणापासून बघतोस. तो आधी काय विचारायचा आठवतं? "मोटार कधी बंद केली?" आबा सांगायचे, "कालपासून बंद हाय, टाका टेप." तेवढं विचारून तो आकडा लिहायचा. विहिरीतून किती काढलं ते प्रत्येक जण विचारतो. विहिरीत किती ओतलं, ते आजवर कोणी विचारलेलं नाही. आबांनी आणि तू नदीवरून साडेतीन किलोमीटर पाइप आणला, त्याला पंधरा वर्षं झाली. धरणातून नदीला आवर्तन सुटलं की विहीर भरून घ्यायची आणि मग ड्रिपने बागेला द्यायचं. आपल्याकडे विहीर अशी टाकीसारखी सगळेच वापरतात, त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. पण भूजलवाल्यांच्या यादीत ते जमिनीचं पाणी म्हणून नोंदलं गेलं. आजूबाजूच्या गावांत मे महिन्यात पाणी अकरा-बारा मीटरवर जातं आणि आपल्या विहिरीत ते साडेतीन मीटरवर असतं. प्रोग्रॅमने यादीतली विहीर उचलली, त्यात कोणाचा हात नव्हता.

११ मे रोजी टंचाईच्या यादीवर हरकतींची सुनावणी आहे. विहीर मॉडेलमधून काढायची तर लेखी कारण द्यावं लागतं. तू फक्त दोन ओळी लिहून दे: या विहिरीत बाहेरून पाणी सोडलं जातं. खाली सही. बाकी मी बघते.

आईला नमस्कार.

मोहिनी


नाशिक, २६ एप्रिल

सोमा,

पत्र तुझ्या हातात दिलं असं लहानूभाऊ सांगतात. मी विचारलं, "वाचलं का त्याने?"

"वाचलं. दोनदा वाचलं."

"मग काय म्हणाला?"

"म्हनला, लहानू, वरच्या ओळीचे ड्रिपर तुंबलेत, बघ जरा."

मी हसले नाही, पण ते हसले. म्हणाले, "ताई, तुमच्या बहीण-भावाचा मी पोस्टमन झालो. तिकीट तरी लावा." बिचारे एक दिवसाआड कळवणच्या गाडीने येतात-जातात. कुसाबाईचं ऑपरेशन झालं. पाय हलवते, पण बोलत नाही फारसं.

काल मी तोरणपाड्यावर गेले होते. बरोबर वेदिका होती. आमच्या ऑफिसात मॉडेलचं काम करणारी मुलगी, चोवीस वर्षांची, हुशार आणि अजून कोणाला न घाबरणारी. लहानूभाऊंची बायको सखुबाई दारातच उभी होती. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "ह्याच का त्या हिरव्या बाई?" मागच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मग म्हणाली, "हिरवा म्हंजे चांगला ना ओ? मंग आम्हाला चांगलं का वाटत नाय?"

मी मॉडेल समजावून सांगायला लागले. अर्ध्यातच थांबले.

सखुबाईने तांब्या पुढे केला. मी म्हटलं तहान नाही. ती म्हणाली, "प्या. मोजून नाय दिलेलं." प्यायले. नंतर झिरा बघायला उतरलो. कुसाबाई पडली ती जागा दाखवली तिने. तिथे पायरीसारखा खडक आहे, पाण्याने नाही, पायांनी गुळगुळीत झालेला. खाली परातीएवढा खड्डा. एक हंडा भरायला पाऊण तास लागतो. वेदिकाने घड्याळ लावून मोजलं.

वरच्या टेकाडावरून आपली बाग दिसते हे मला माहीत नव्हतं. सगळीकडे तपकिरी आणि मध्ये चार एकर हिरवं. उपग्रहाच्या फोटोत मी ते कितीदा पाहिलं असेल. डोळ्यांनी त्या बाजूने पहिल्यांदाच पाहिलं. घराचा पत्राही दिसला आणि अंगणात कोणीतरी वाळवण उचलत होतं. आई असेल. मी घरी आले नाही. वेदिकाला सांगितलं की उशीर होतोय.

परतताना गाडीत वेदिकाने लॅपटॉप उघडला. धरणातून पाणी सोडल्याच्या तारखा एका रेघेवर आणि आपल्या विहिरीची पातळी खाली दुसऱ्या रेघेवर. म्हणाली, "मॅडम, ही विहीर पावसाने भरत नाही. आवर्तनाने भरते. हे इतक्या वर्षांत कोणाच्या लक्षात कसं आलं नाही?" मी खिडकीबाहेर बघत होते.

सोमा, लहानूभाऊंना मी विचारलं होतं की त्यांना काय वाटतं. ते म्हणाले, "बागेला पाणी नाय तर आम्हाला काम नाय. पाड्याला पाणी नाय तर प्यायला नाय. आदी काय पायजे ते तुम्हीच सांगा, तुम्ही शिकल्याल्या." त्यांचं बरोबर आहे. पण दोन ओळी लिहायला तुला काय जड आहे?

पंधरा दिवस उरलेत.

मोहिनी


बोरदरे, २ मे

आक्का,

पत्र लिहायची मला सवय नाय. बारावीनंतर सोसायटीचे अर्ज सोडले तर काही लिहिलं नाय. चुका काढत बसू नको.

बाकी मी बघते म्हणतेस. काय बघशील? मी सही केली की दुसऱ्या दिवशी पाइप उखडायला माणसं येतील. आठ एप्रिलला खरड छाटणी झाली. आता फुटवे वितीएवढे झालेत. ह्या दीड महिन्यात काडीमधी पुढल्या साली येणारा घड तयार होतो. आता पाणी तोडलं तर ऑक्टोबरात छाटून नुसती पानं येतील. हे तुला सांगायची गरज नाय, तू आबांच्या हाताखाली छाटणी केलेली हाय. कळवणच्या अंगाला द्राक्ष लावतो म्हणून लोक आबांना येडा म्हणायचे. त्यांनी बारा वर्षं लावली ती बाग उभी करायला.

ते पण जाऊ दे. तुझ्या पहिल्या पत्रात एक ओळ हाय. प्रोग्रॅमनं विहीर उचलली, कोणाचा हात नव्हता.

आबा होते तवाची गोष्ट. दिवाळीच्या आधी तुझा फोन आला. लय खुशीत होतीस. म्हणलीस, सोमा, आपली विहीर सरकारच्या यादीत हाय, साऱ्या खोऱ्यात हीच एक विहीर जिचा अकरा वर्षांत एक आकडा चुकला नाय, आमचं गणित तिच्यावर जुळलं. आबांना पण फोन द्यायला लावला. म्हातारा दोन दिवस गावात सांगत फिरला, आपली विहीर कॉम्प्युटरात गेली. मी तवाच तुला म्हणलो, आक्का, त्यात नदीचं पाणी असतंय, ते कसं चालंल? तू म्हणलीस, चालतंय रे, एका विहिरीनं काय होतंय.

मग आबांच्या वर्षश्राद्धाला तू आलीस. पंगत बसलेली, मामा, मेव्हणे, सगळे पाव्हणे. आणि साऱ्यांसमोर मला म्हणलीस, सोमा, नदीचं पाणी असं उचलणं चोरी हाय. मामा म्हणले, घ्या, आता बहीणच पोलीस झाली. लोक हसले. मी तवा बोलू शकलो असतो. म्हणलं, आक्काची नोकरी हाय, ऱ्हाऊ दे.

त्या दिवसापासून तुझा फोन बंद केला. पाइपाचं निमित्त नव्हतं. तुला वाटत असंल पाइपावरून राग हाय.

पाड्यावर मी ट्रॅक्टरनं आठवड्याला दोन टाक्या पाणी सोडतो. लहानूनं तुला सांगितलं नसंल, मीच सांगू नको म्हणलो. सखुबाईनं तुला दिलं ते पाणी तेच असणार.

सही करायचीच असंल तर तूच कर. तुला पण तेवढंच माहीत हाय जेवढं मला.

आई बरी हाय. तू टेकाडावर येऊन गेलीस ते तिला कळलं. भांडी जोरात घासली.

सोमनाथ


नाशिक, ६ मे

सोमा,

तुझं पत्र आलं. लहानूभाऊंनी ते शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं होतं, घामाने ओलं झालं होतं. सगळं वाचता आलं.

तू विसरला असशील असं मी धरून चालले होते. खरं म्हणजे तू विसरावंस अशी माझी इच्छा होती, आणि ती धरूनच मी पहिलं पत्र लिहिलं. त्या फोनवर मी जे म्हणाले ते तू शब्दशः बरोबर लिहिलं आहेस. फक्त तू अर्धं ऐकलंस, उरलेलं मी सांगते.

त्या वर्षी दिवाळीनंतर आम्हाला मॉडेल दाखवायचं होतं. मॉडेलने काढलेला आकडा आणि विहिरीत प्रत्यक्ष मोजलेला आकडा जवळ आले, तरच लोक त्यावर विश्वास ठेवतात. आपल्या खोऱ्याच्या वरच्या भागात निरीक्षण विहिरी पाच. चार विहिरींच्या माहितीत खिंडारं होती. कारण काय होतं सांगू? विहीर कोरडी पडली की त्या रकान्यात आकडा येत नाही. रकाना मोकळा राहतो. आणि मोकळे रकाने जास्त झाले की आम्ही ती विहीर अपुरी माहिती म्हणून बाजूला ठेवतो. म्हणजे ज्या विहिरी आटत होत्या त्या आम्ही एकेक करून वगळल्या, आणि जी कधीच आटली नाही ती ठेवली. ती का आटत नाही हे मला माहीत होतं. तू सांगायच्या आधीपासून माहीत होतं. अक्षांश-रेखांश बघितल्याबरोबर मी ओळखलं की ही आबांची विहीर, आणि सोबत पाइपही आठवला.

विहीर काढली असती तर वरच्या भागासाठी हातात काहीच उरत नव्हतं. तसं स्पष्ट लिहायचं होतं: इथली माहिती नाही, या गावांना रंग देऊ नये. नकाशावर एक राखाडी पट्टा दिसला असता आणि बैठकीत कोणीतरी विचारलं असतं, हे काय? तो प्रश्न मला नको होता. शिवाय विहीर का काढली असं विचारलं असतं, तर पाइपाचं सांगावं लागलं असतं, आणि तुमचं नाव आलं असतं. मी स्वतःला इतकी वर्षं हे दुसरं कारणच सांगत आले. भावासाठी गप्प बसले, असं. तुझं पत्र वाचल्यावर ते कारण मला पुढे करता येत नाही, कारण तूच मला सावध केलं होतंस.

वर्षश्राद्धाला मी जे बोलले त्याबद्दल तर काय लिहू. त्या आठवड्यात ऑफिसात कोणीतरी उपसा सिंचनावरून भाषण दिलं होतं. माझ्या मनात विहिरीची बोच होती आणि मी ती तुझ्यावर काढली. पंगतीत. आबांचं पान वाढलेलं असताना.

सोमवारी मी वेदिकाला सगळं सांगितलं. तिने लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, "मॅडम, गाडीत मी विचारलं तेव्हा तुम्ही बोलू शकत होतात." त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. संचालकांनाही सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "सुनावणीत 'माहितीतील त्रुटी' असं म्हणा. 'मला माहीत होतं' असं कुठेही म्हणू नका. अजून चार तालुक्यांचं काम आपल्याकडे यायचं आहे."

तुझी सही मी आता मागत नाही. निवेदन मी माझ्या नावाने लिहिते आहे. पण त्यात विहिरीचा क्रमांक येणार, आणि पाणी कुठून येतं हे विचारलं तर मला सांगावं लागणार. तुला न सांगता हे करायचं नाही, म्हणून लिहिते. सोमवारी, अकरा तारखेला, सकाळी साडेअकराला सुनावणी आहे.

तुझे दीड महिने मला मोजता येतात, सोमा. त्यातले कसेबसे तीस दिवस झालेत.

कुसाबाई परवा वॉकर धरून चार पावलं चालली. घरी नेतो म्हणतात. मी लहानूभाऊंना म्हटलं, झिऱ्यावर पाठवू नका. ते म्हणाले, "आता तिला कोन पाठवतंय. आता सखू जाईल, पोरगी जाईल."

मोहिनी


११ मे, दुपारी दोन, कचेरीच्या बाहेरच्या बाकावरून

सोमा,

कागद पाठकोरा आहे, मागे आमचाच आलेख छापलेला आहे, तिकडे लक्ष देऊ नकोस. लहानूभाऊ समोर उभे आहेत. तीनच्या गाडीने निघतील, म्हणून घाईत लिहिते.

तू काय केलंस त्याचा पहिला अंदाज मला आत गेल्यावर आला.

पाड्याचे आठ-दहा जण आले होते. सखुबाई पहिल्या रांगेत. आमचे संचालक होते, वेदिका होती. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी फाईल उघडली आणि मला म्हणाले, "मॅडम, तुमच्या मॉडेलप्रमाणे या विहिरीत साडेतीन मीटरवर पाणी पाहिजे. शुक्रवारी मे महिन्याचं मोजमाप झालं. विहीर तळापर्यंत कोरडी आहे. मोजणाऱ्याने दोनदा टेप टाकली म्हणे, त्याला खरं वाटेना. हे कसं काय?"

मी मागे वळून लहानूभाऊंकडे बघितलं. ते खाली बघत होते. आता बाहेर आल्यावर त्यांनी सांगितलं. तू मला पत्र लिहिलंस त्याच्या आदल्या दिवसापासून तू पाइपाचा वाल बंद ठेवला आहेस. विहिरीत होतं नव्हतं ते बागेला देऊन टाकलंस आणि मग मोटारच उचलून वर आणलीस. टेपवाल्याने नेहमीचं विचारलं, "मोटार कधी बंद केली?" तर म्हणालास, "पाणीच नाय, तर मोटार कशाची?" नदीला आवर्तन चालू असताना दहा दिवस तू पाइप कोरडा ठेवलास. लहानूभाऊ म्हणतात, दुपारी पानं माना टाकतात आणि संध्याकाळी पुरती उठतही नाहीत.

म्हणजे तू सही केली नाहीस, पण विहीर जशी आहे तशी दाखवलीस. आणि माझ्यासाठी वाट ठेवलीस. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं: यंदा पाणी खाली गेलं, मॉडेल चुकलं, दुरुस्त करतो. टँकर मिळाला असता. पाइपाचं नाव निघालं नसतं. पुढच्या आठवड्यात तू वाल खोलला असतास. संचालकांनी माझ्याकडे बघून मान हलवली, हेच म्हणा अशी.

निवेदन माझ्या पिशवीत होतं. मी पिशवीत हात घातला. साहेब म्हणाले, "बोला ना. मॉडेल चुकलं का?"

मी म्हटलं, "मॉडेल अकरा वर्षांच्या आकड्यांवर चालतं. ते आकडे त्या विहिरीचे नाहीत, नदीचे आहेत. त्या विहिरीत पाइपने पाणी सोडलं जातं. मला हे पहिल्यापासून माहीत होतं. तरी मी ती ठेवली."

"पाइपाला परवानगी?"

"नाही."

"विहीर कोणाची?"

"माझ्या भावाची."

सखुबाई मागून म्हणाली, "आता गं बया."

का बोललीस, असं तू विचारशील. मीही इथे बाकावर बसून तेच विचारते आहे. एवढंच सांगता येतं. यंदा तू विहीर कोरडी ठेवलीस. पुढच्या वर्षी ठेवशील? ठेवू नयेस, बाग आहे तुझी. मग पुढच्या मे महिन्यात आकडा पुन्हा साडेतीन मीटर येईल, गाव पुन्हा हिरवं होईल आणि सखुबाईची पोरगी त्या खडकावरून उतरेल. पाड्याने दरवर्षी तुझ्या मनावर पाणी प्यायचं का? तुझं मन चांगलं आहे म्हणूनच विचारते. आणि अशी विहीर आपली एकटीच नाही. वेदिकाने कालच आणखी सात शोधून काढल्या, ज्या पावसावाचून एप्रिलमध्ये भरतात. त्या सात विहिरीही कोणाच्या तरी भावांच्या असतील आणि त्यांच्याकडेही वाल असतील. ते दहा दिवस बंद ठेवणार नाहीत.

हे सगळं बरोबर आहे असं मला वाटतं. तरी तू दिलेलं मी घेतलं नाही, हेही खरं आहे. ते तू दिलंस हे मला उशिरा कळलं. आधी कळलं असतं तर मी काय केलं असतं, याची मला खात्री देता येत नाही.

टँकर उद्यापासून. रोज एक फेरी, पाऊस लागेपर्यंत. आमचा नकाशा यादीतून मागे घेतला आहे, वरच्या भागातल्या सगळ्या गावांची पाहणी पायी होणार. संचालक माझ्याशी न बोलता गाडीत बसून गेले. वेदिका थांबली आहे. तिने मला पाणी आणून दिलं, पण शेजारी बसली नाही.

आता नीट वाच. पाइपाचा पंचनामा गुरुवारी, १४ तारखेला सकाळी अकरा वाजता आहे. तोवर कोणी येणार नाही, मी विचारून घेतलं. धरणाच्या पानावर आत्ताच पाहिलं, आवर्तन बुधवारी संध्याकाळपर्यंत चालू आहे. नदीला आपल्याकडे पाणी आणखी चार-पाच तास जास्त राहतं. मोटार आत सोड आणि वाल खोल. आधी वरच्या ओळींना दे, तिथे मुरूम आहे, त्या आधी सुकतात. मग विहीर भरू दे, काठापर्यंत. पंचनामा पाइपाचा होईल, विहिरीतल्या पाण्याचा नाही. जपून दिलंस तर सात परस खोल विहीर चार एकराला तीन आठवडे पुरेल, मी हिशोब केला आहे. म्हणजे तुझे पन्नासएक दिवस भरतात. त्यापुढे पाऊस आला तर आला.

हे मी लिहायला नको, हे मला कळतं.

गुरुवारी मी त्यांच्याच गाडीतून येईन. पाइप कुठून कुठे गेलाय ते दाखवायला माणूस लागतो, आणि ते मी कबूल केलं आहे. तू समोर आला नाहीस तरी चालेल. आई आली तर तिला अडवू नकोस, तिला जे बोलायचं ते बोलू दे.

लहानूभाऊ घाई करताहेत. साडेपाचपर्यंत ते तुझ्याकडे पोचतील. उजेड असेल तोवर.

मोहिनी